घर आणि कायदा : जोडीचीं अपिलें

गेल्या महिन्यांत परतूरकडच्या आमच्या एक मावशी जालन्यास आमच्याकडे दोन दिवस राहून गेल्या. येतांना त्यांनीं कापडी पिशवींत कोर्टाचे कागद आणले होते. रात्रीं जेवणें आटोपलीं, स्वयंपाकघर आवरून झालें, तेव्हां त्यांनीं ती पिशवी आमच्यापुढें ठेवली. "अरे, जमीन एक, धरण एक, कोर्टाचा निकालसुद्धां एकच. मग दोघां दिरांच्या घरीं पैसे आले आणि आमच्याकडे कां नाहींत, एवढं मला समजेल असं सांग," असें त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यांत तक्रार फारशी नव्हती. गोंधळच अधिक होता. हाच प्रश्न थोड्याफार फरकानें पुष्कळ घरांतून विचारला जातो, म्हणून या महिन्याचें सदर आम्हीं त्यासाठीं राखून ठेवलें आहे.

हकीकत अशी. मावशींचे यजमान आणि त्यांचे दोघे धाकटे भाऊ यांची वडिलोपार्जित जमीन. मूळ सर्व्हे नंबर एकच. वाटण्या झाल्यावर तीन तुकडे पडले व तीन सातबारे झाले. निम्न दुधना प्रकल्पाच्या पाण्याखालीं तिन्ही तुकडे गेले. धरणाची भिंत परभणी जिल्ह्यांत सेलू तालुक्यांत, आणि पाण्याचा फुगवटा आमच्या जिल्ह्यांत परतूर-मंठ्याकडे. आपल्या देशांत धरणांच्या बाबतींत असें पुष्कळ ठिकाणीं घडलें आहे. भूसंपादन अधिकाऱ्यानें निवाड्यांत जो मावेजा ठरविला तो तिघांसही अपुरा वाटला. तिघांनीं 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 18 खालीं प्रकरण दिवाणी कोर्टाकडे पाठविण्यास लावलें. तेथें थोडी वाढ मिळाली, तीही समाधानकारक वाटली नाहीं, म्हणून तिघेही उच्च न्यायालयाच्या खंडपीठांत अपिलांत गेले. वकील एकच, अपिलें तीन, नंबर लागोपाठचे. गांवांतील इतरांचींही पुष्कळ अपिलें होतीं, तीं सगळीं एका गटांत पडलीं.

आणि अपिलें पडून असतांनाच मावशींचे यजमान वारले. पुढें वकिलांचें पत्र आलें, कीं अपील बोर्डावर येण्याच्या बेतांत आहे, कोणींतरी येऊन भेटावें. तें पत्र घरच्या व्यापांत देवघराच्या कोनाड्यांत राहून गेलें. मुलें नोकरीनिमित्त परगांवीं, मुलगी पुण्यास सासरीं, आणि मावशींची समजूत अशी कीं दिरांचें चाललें आहे म्हणजे आपलेंही चाललेंच आहे. मृत्यूनंतर सहा वर्षांनीं गटाचा निकाल लागला. दोघां दिरांस वाढीव दर मिळाला. तिसऱ्या अपिलापुढें मात्र एकच ओळ होती: अपीलकर्ता मयत, वारस मुदतींत दाखल नाहींत, सबब अपील संपुष्टांत आलें आहे.

आतां असें कसें झालें हें समजण्यास वरचीं न्यायालयें एकाच प्रश्नाचीं अनेक अपिलें कशीं चालवितात तें प्रथम पाहिलें पाहिजे.

एका प्रकल्पासाठीं एका गांवांतील शंभर खातेदारांची जमीन घेतली, तर अपिलेंही शंभरच्या आसपास येतात. त्यांतील बहुतेकांत मुख्य प्रश्न एकच असतो: कलम 4 ची अधिसूचना निघाली त्या तारखेस या गांवच्या जमिनीचा बाजारभाव काय होता? पुरावाही बहुधा तोच. शेजारच्या दोनचार खरेदीखतांच्या नकला आणि तलाठ्याकडील उतारे. अशा वेळीं न्यायमूर्तींनीं शंभर वेळां तेच ऐकून शंभर निकाल लिहावे हें शक्य नाहीं, आणि इष्टही नाहीं. कारण एका न्यायमूर्तींनीं सोमवारीं एक दर ठरविला व दुसऱ्यांनीं गुरुवारीं त्याच बांधाच्या पलीकडे दुसरा ठरविला, तर लोकांचा न्यायावरील विश्वासच उडावयाचा. म्हणून ज्या एकदोन अपिलांत पुरावा सर्वांत भरपूर आहे तीं मुख्य म्हणून घेतात, त्यांवर उभय बाजूंचें बोलणें ऐकतात, एकच विस्तृत निकाल लिहितात, आणि बाकीच्या अपिलांस तो लागू करतात. दिवाणी प्रक्रिया संहितेंत अशा एकत्रीकरणासाठीं खास असें कलम नाहीं. न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारांत, म्हणजे कलम 151 खालीं, हें करतें, असें सर्वोच्च न्यायालयानेंच 2004 सालीं एका ताग गिरणी विरुद्ध सिमेंट कारखाना या प्रकरणांत सांगितलें आहे.

येथपर्यंत मावशींस सर्व पटलें. गोंधळ होतो तो पुढें. एकत्र चालविणें म्हणजे एकजीव करणें नव्हे. प्रत्येक अपिलाचा नंबर निराळा, पक्षकार निराळे, कोर्ट फी निराळी, मुदत निराळी, आणि शेवटीं हुकूमनामाही निराळाच निघतो. आम्हीं मावशींस म्हटलें, "लग्नाच्या पंगतीसारखंच आहे हें. पंगत एक, वाढणारे एक, पदार्थही तेच; पण पान ज्याचं त्याचं. पाटावर कोणी बसलंच नसेल तर वाढपी पुढच्या पानाकडे जातो." त्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या व म्हणाल्या, "म्हणजे यांचा पाट रिकामा दिसला." आम्हांस आमचाच दाखला जरा कठोर वाटला, पण वस्तुस्थिति तशीच होती.

हा जो भेद, निकाल एक आणि हुकूमनामे अनेक, त्यावर आपल्या देशांत मोठमोठे वाद झाले आहेत. आणि सर्वोच्च न्यायालय स्थापन झालें त्याच वर्षीं त्यानें या विषयावर दिलेला निकाल आमच्या मुलुखाशीं संबंध असलेला आहे. जालना तेव्हां जिल्हा नव्हता. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. 1948 च्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत आलें तरी मराठवाड्याचें उच्च न्यायालय 1956 पर्यंत हैदराबादेसच होतें, आणि संस्थानांत त्याच्यावरही एक न्याय समिति असे. राज्यघटना लागू झाली तेव्हां त्या समितीपुढें पडलेलीं अपिलें दिल्लीस सर्वोच्च न्यायालयाकडे गेलीं. त्यांतच नरहरि विरुद्ध शंकर हें प्रकरण होतें.

वादींनीं जमिनीच्या ताब्यासाठीं एक दावा लावला. प्रतिवादींचे दोन संच होते, व ते जमिनीच्या वेगवेगळ्या हिश्शांवर बसलेले होते. दावा वादींसारखा झाला. प्रतिवादींच्या दोन्ही संचांनीं आपापलें वेगळें अपील केलें. अपिलाच्या कोर्टानें दोन्ही अपिलें मान्य केलीं, पण निकाल एकच लिहिला, आणि त्याची नक्कल दुसऱ्या अपिलाच्या कागदांत ठेवण्याचा हुकूम केला. हुकूमनामे मात्र दोन निघाले. आतां वादी वर गेले. त्यांचें एक अपील मुदतींत होतें, दुसरें मुदत टळल्यावर दाखल झालें. उच्च न्यायालय म्हणालें, कीं दुसरें अपील मुदतीबाहेर, म्हणजे त्या हुकूमनाम्यास तुम्हीं आव्हानच दिलें नाहीं. तो कायम झाला. आणि तो कायम झाला म्हणजे तोच प्रश्न पहिल्या अपिलांतही तुमच्याविरुद्ध सुटला. एका पायास दोरी अडकली म्हणून दुसराही बांधलेला समजावा, असा हा प्रकार.

सर्वोच्च न्यायालयानें 1950 सालीं हें मत फिरविलें. दावा एक, विचार एक, निकाल एक, आणि ठरलेला प्रश्नही एक. मग लेखनिकानें दोन हुकूमनामे काढले एवढ्यावरून वादीचा हक्क बुडूं शकत नाहीं. पूर्वनिर्णयाचा बाध येण्यास आधींचा निराळा दावा निकालांत निघालेला असावा लागतो. येथें तसा दावाच नव्हता. शिवाय निरनिराळ्या उच्च न्यायालयांचीं या मुद्द्यावर मतें परस्परविरुद्ध होतीं, तेव्हां वादींस मुदतीची माफी देणेंही योग्य ठरलें असतें, असेंही न्यायालयानें म्हटलें. आमच्या मतें न्यायबुद्धि म्हणतात ती हीच.

परंतु या निकालावर विसंबून कोणीं स्वस्थ बसूं नये. 1966 सालीं शिवदानसिंग विरुद्ध दर्याव कुंवर या उत्तर प्रदेशांतील प्रकरणांत चित्र उलटें झालें. तेथें दावेच अनेक होते. ते एकत्र चालले, एकत्र निकालांत निघाले, आणि त्यांवर चार अपिलें झालीं. त्यांतील एक मुदतीबाहेरचें म्हणून निघालें, व दुसरें कागदांचें भाषांतर व छपाई करून घेण्याची तजवीज न केल्यामुळें निघालें. उरलेल्या दोघांचें काय? तींही बुडालीं. कारण तोच हक्काचा प्रश्न निघालेल्या दोन अपिलांतही होता, आणि तेथें तो अखेरचा सुटला होता. एक दावा असेल तर नरहरीचा न्याय, अनेक दावे असतील तर शिवदानसिंगाचा. हा भेद वकिलांसही कधीं कधीं चकवितो, मग घरच्या माणसांची काय कथा! मुलांनीं छपाईचा खर्च भरला कीं नाहीं असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर सबंध वाडा उभा असतो हें मात्र लक्षांत यावें.

परदेशांतही हाच प्रकार आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें 17 मे 1954 रोजीं गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. हा निकाल ब्राऊन या नांवानें जगप्रसिद्ध आहे, पण त्यांत कॅन्सस, साउथ कॅरोलिना, व्हर्जिनिया व डेलावेअर या चार राज्यांतील चार प्रकरणें एकत्र होतीं. डेलावेअरमधील पालक खालच्या कोर्टांतच जिंकले होते. म्हणून त्यांचा निकाल कायम झाला, आणि इतर तीन ठिकाणचे फिरले. पांचवें प्रकरण वॉशिंग्टन शहराचें. चार प्रकरणें घटनेच्या ज्या दुरुस्तीवर उभीं होतीं ती राज्यांपुरती होती, आणि वॉशिंग्टन हें राज्य नव्हे. म्हणून त्याच दिवशीं त्याचा वेगळा निकाल निराळ्या आधारावर लिहावा लागला. प्रश्न पांचही ठिकाणीं एकच, उत्तरही एकच, पण प्रत्येकाची वाट पाहून घ्यावी लागली.

आपल्याकडच्या मावेजाच्या अपिलांत ही वाट पाहणें म्हणजे जमीन पाहणें. अधिसूचना एक असली तरी सर्व जमिनी सारख्या नसतात. जिरायतीस एक दर, हंगामी बागायतीस दुसरा, विहिरीच्या बागायतीस तिसरा. रस्त्याला लागून असलेला तुकडा आणि नाल्यापलीकडचा तुकडा यांत फरक धरतात. आमच्या जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा फार. तेथें आणखी एक बाब निघते. बागेच्या उत्पन्नावरून जमिनीची किंमत काढली असेल तर झाडांची किंमत पुन्हा वेगळी मिळत नाहीं, कारण एकाच गोष्टीचे पैसे दोनदां दिल्यासारखें होईल. ज्याचा मळा खरोखर बागायती होता, पण ज्याच्या सातबाऱ्यावर तलाठ्यानें पडीत लिहून ठेवलें, त्यास गटाच्या निकालांत जिरायती दर मिळतो; आणि मग तो म्हणतो, कोर्टानें माझें ऐकलेंच नाहीं. ऐकावें कोठून? गटांतील मुख्य अपील दुसऱ्याचें होतें, व आपल्या जमिनीचा फरक त्यानें कोणास सांगितलाच नव्हता. गटांत पडलेल्या प्रत्येकानें आपल्या वकिलाकडे जाऊन "आमचें इतरांसारखें काय आणि निराळें काय" एवढें एका कागदावर लिहून द्यावें, अशी आमची सूचना आहे. दर किती बदलूं शकतो याचें उदाहरण शेजारच्या परभणी जिल्ह्यांतीलच घ्या. औद्योगिक वसाहतीसाठीं गेलेल्या जिंतूर तालुक्यांतील जमिनींबद्दल सर्वोच्च न्यायालयानें जुलै 2025 मध्यें एकरीं 32,000 चा दर 58,320 रुपयांवर नेला. खालच्या कोर्टांनीं सर्वांत चढ्या किंमतीच्या खरेदीखताकडे कारण नसतां दुर्लक्ष केलें, असें त्यांस दिसून आलें.

आतां मुदत चुकलेल्यांचें काय, हा मावशींचा खरा प्रश्न. या बाबतींत सर्वोच्च न्यायालयाचा सूर सर्वकाळ एकच राहिलेला नाहीं. 1985 सालीं भागसिंग यांच्या प्रकरणांत चंदीगढच्या जमीनमालकांनीं कोर्ट फी वांचविण्यासाठीं अपिलांत कमी रक्कम मागितली होती. जोडीच्या अपिलांत इतरांस जास्त दर मिळाला, तेव्हां कमी पडलेली फी भरून घेऊन यांसही तोच दर द्यावा, असें न्यायालयानें ठरविलें. सरकारनें गरीब शेतकऱ्यास केवळ फीच्या तांत्रिक मुद्द्यावर वाजवी मोबदल्यापासून दूर ठेवणें शोभत नाहीं, असा त्या निकालाचा भाव होता. पण पुढच्याच वर्षीं, 1986 सालीं, मेवाराम यांच्या प्रकरणांत तेंच न्यायालय कडक झालें. शेजाऱ्यास वर जाऊन जास्त मिळालें हें आपल्या उशिराचें कारण होऊं शकत नाहीं, असें म्हणून त्यानें हरियाणांतील जमीनमालकांस परत पाठविलें. त्यानंतर पुन्हा पारडें फिरलें. 2014 सालीं धीरजसिंग यांच्या प्रकरणांत मोठा उशीर माफ झाला व इतरांचाच दर मिळाला. अट एकच, उशिराच्या काळाचें व्याज मिळणार नाहीं. 2017 सालीं नरेंद्र यांच्या प्रकरणांत, एकदां न्यायालयानें दर ठरविला म्हणजे तशाच स्थितींतील इतरांसही त्याचा लाभ मिळावा, या विचारावर भर दिला गेला. आमचें मत विचाराल तर 1985 आणि 2014 ची वाटच आम्हांस बरी वाटते. सरकार हें शेतकऱ्याचें प्रतिपक्षी खरें, पण तें कांहीं व्यापारी प्रतिपक्षी नव्हे. ज्या दरास जमीन घेणें न्याय्य ठरलें तो दर एकास द्यावयाचा आणि दुसऱ्याचा मुदतीच्या आडोशास ठेवावयाचा, यांत राज्याची शोभा नाहीं.

व्याजाची ही अट मात्र हलकी समजूं नये. जुन्या कायद्यांत वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी शेंकडा 9 व पुढें शेंकडा 15 प्रमाणें व्याज असतें. सहा वर्षांचें 15 टक्क्यांनीं सरळ व्याज म्हणजे शंभरास नव्वद. कोनाड्यांतील एका पत्राची ही किंमत. मावशींस हा हिशेब सांगतांना आमची जीभ अडखळली, पण सांगणें भाग होतें.

येथें कायद्याची एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं, आणि ती फार सुखाची नाहीं. 1984 सालीं जुन्या कायद्यांत कलम 28-अ घातलें गेलें. जो खातेदार अज्ञानामुळें किंवा गरिबीमुळें कलम 18 खालीं कोर्टांत गेलाच नाहीं, त्यानें त्याच अधिसूचनेंतील दुसऱ्या कोणास कोर्टानें वाढवून दिलेल्या दराच्या आधारें, निवाड्यापासून तीन महिन्यांच्या आंत, नक्कल मिळण्यास लागलेले दिवस वजा करून, कलेक्टराकडे अर्ज केला तर त्यासही तो दर मिळतो. उच्च न्यायालयानें अपिलांत केलेल्या वाढीच्या आधारेंही असा अर्ज करतां येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर 2024 मध्यें हरियाणांतील एका प्रकरणांत स्पष्ट केलें. कलम 18 चा अर्ज मुदतीबाहेरचा म्हणून फेटाळला गेला असेल तरी हें दार उघडें राहतें, असा 2002 सालीं पांच न्यायमूर्तींचा निकाल आहे. नव्या, म्हणजे 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या कायद्यांतही कलम 73 मध्यें हीच सोय ठेवली आहे. म्हणजे जो कधीं कोर्टाची पायरी चढला नाहीं त्यास दार आहे. जो चढला, लढला, आणि मध्यंतरीं वारला, त्याच्या वारसांस हें दार नाहीं. मावशी म्हणाल्या, "मग यांनीं घरीं बसून राहायला हवं होतं कीं काय?" याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें.

त्यांस दुसरें दार आहे, पण तें जड आहे. अपीलकर्ता वारल्यावर नव्वद दिवसांच्या आंत वारस दाखल करावयाचे असतात. न केल्यास अपील आपोआप संपुष्टांत येतें. त्यासाठीं कोणा न्यायमूर्तींनीं तसा हुकूम काढावा लागत नाहीं. त्यानंतर साठ दिवसांत तें पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज करतां येतो. तेही दिवस गेले तर मुदतीच्या कायद्याच्या कलम 5 खालीं उशिराच्या माफीचा अर्ज जोडून, पुरेसें कारण दाखवून, न्यायालयाची विनवणी करावयाची. आपला अशील वारल्याचें कळतांच तें कोर्टास कळविणें हें वकिलाचेंही कर्तव्य आहे. येथें वकिलांस तें कळलेंच नव्हतें, दिरांनीं निकालाच्या सुमारास सांगितलें. मावशींच्या बाजूस तीन गोष्टी आहेत: जमीन खरोखर तीच, अधिसूचना तीच, आणि दोघां भावांचा दर त्याच खंडपीठानें ठरवून दिलेला. उशिराचें कारण म्हणून जें घडलें तेंच सरळ सांगावें. आजारपणाचा खोटा दाखला वगैरे जोडूं नये. तसले दाखले न्यायमूर्तींनीं आपल्यापेक्षां पुष्कळ अधिक पाहिलेले असतात.

वारसांच्या यादीवरून मात्र रात्रीं आमच्या घरांत थोडी चकमक झाली. मावशींनीं पिशवींतून काढलेल्या कागदावर स्वतःचें व दोघां मुलांचें नांव होतें. पुण्याच्या मुलीचें नव्हतें. "ती सासरीं सुखांत आहे, तिला कशाला कोर्टांत ओढायचं," असें त्यांचें म्हणणें. आमच्या सौभाग्यवतींनीं आंतूनच उत्तर दिलें, कीं मावशी, ती सुखांत आहे म्हणून तिचा बाप तिचा नव्हता कीं काय! कायदाही हेंच म्हणतो. विधवा, मुलगे, मुली, व असल्यास मृताची आई, हे सर्व बरोबरीचे वारस. एकीचें नांव गाळलें तर पुढें पैसे काढतांना तोच प्रश्न उभा राहतो, आणि सरकारी वकिलासही आयता मुद्दा मिळतो. ज्या घरीं मुलगी वारसांच्या अर्जांतून सहज वगळली जाते तेथें बहुधा कोणाच्या मनांत कपट नसतें, संवय असते. पण कागदावर संवय आणि कपट यांचा रंग एकच दिसतो.

एका गोष्टीबद्दल मात्र आजच्या पिढीनें समाधान मानावें. आमच्या वडिलांच्या पिढीस अपिलासाठीं हैदराबादेस, आणि 1956 नंतर मुंबईस जावें लागे. एक तारीख म्हणजे आठवडा मोडे. 1981 च्या मे महिन्याच्या 1 तारखेस जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि त्याच वर्षीं 27 ऑगस्टला औरंगाबादेस उच्च न्यायालयाचें कामकाज सुरू झालें. त्यासही कोर्टांत आव्हान दिलें गेलें होतें; सर्वोच्च न्यायालयानें 1982 सालीं तें फेटाळलें, व 1984 पासून खंडपीठ कायमचें झालें. शहराचें नांव आतां छत्रपति संभाजीनगर आहे. जालन्याहून सकाळच्या गाडीनें निघालें तर बोर्ड सुरू होण्याच्या आंत माणूस पोंचतो. वकिलांनीं बोलावलें आणि आपण गेलों नाहीं, याला अंतराचा सबब तरी आतां राहिला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुण्यास फोन झाला. मुलगी म्हणाली, वकीलपत्रावर सही करीन, रविवारीं स्वतः येतें. आम्हीं मावशींस मागावयाच्या नकलांची यादी करून दिली: गटाच्या निकालाची, तिसऱ्या अपिलांतील हुकुमाची, दोघां दिरांच्या हुकूमनाम्यांची, मृत्यूच्या दाखल्याची, आणि जमिनीच्या तिन्ही तुकड्यांच्या त्या वेळच्या सातबाऱ्यांची. दिरांनीं आपल्या नकला देण्याचें आपण होऊन कबूल केलें, हें सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो. निघतांना मावशींनीं कागद एकेक करून पुन्हा पिशवींत भरले. वकिलांचें तें जुनें पत्र त्यांनीं तळाशीं घातलें होतें. मग कांहीं विचार करून बाहेर काढलें आणि सगळ्यांच्या वर ठेवलें.